बेळगावात राहून एमपीएच: काय शिकवतात, कुठे करावं, आणि आपल्या सीमाभागाला त्याचा उपयोग काय

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, फिजिओ, बीएसडब्ल्यू झालेली आपल्या भागातली मुलं-मुली हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात: एमपीएच करू का? प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा इथे नीट लिहिते. मी खानापूर तालुक्यातली. नर्सिंग केलं, काही वर्षं वॉर्डात काढली, मग एमपीएच केलं. आता जिल्ह्यातल्याच एका आरोग्य प्रकल्पात काम करते.

एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. दवाखान्यात आपण समोरच्या माणसाला तपासतो, औषध देतो. इथे विचार अख्ख्या गावाचा करायचा. या गल्लीत कावीळ आहे आणि पलीकडच्या गल्लीत नाही, ते का? एकाच पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) दोन गावांपैकी एका गावची मुलं लसीकरणातून सुटतात, ती का? डॉक्टर नसलेल्यांनाही हे शिक्षण घेता येतं. माझ्या वर्गात दंतवैद्य होते, तसे समाजकार्यातून आलेलेही होते. मात्र कोणत्या पदवीला प्रवेश द्यायचा, याचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

पुस्तकात या शास्त्राची सुरुवात लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्यापासून करतात. मी नव्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचं फार मोठं कारण. तो रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला माणूस हजर लागतो. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला हे दोन्ही वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणून २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. गोळ्या देणाऱ्या होत्या आपल्या एएनएम सिस्टर, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका. औषध मिळालेल्यांत रक्तस्राव ६.४ टक्के बायकांना झाला, न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कामासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता १२ मधून ६.४ वजा करा, ५.६ राहतात. १०० ला ५.६ ने भागा, साधारण १८ येतात. म्हणजे १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. एमपीएचच्या सुरुवातीलाच हे गणित शिकवतात. या एका आकड्यावरून सरकारला ठरवता येतं की गोळ्या किती घ्यायच्या, कुठे ठेवायच्या, कुणाच्या हाती द्यायच्या. चाचणीची जागा आपला जिल्हा, गोळी देणारे हात आपल्या सिस्टरांचे, आणि ज्यांच्या होकारावर हे शास्त्र उभं राहिलं त्या बायका आपल्या. बेळगावच्या मुलांनी हे शिकावं असं मला मनापासून वाटतं, ते यासाठी.

अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र, बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र), आरोग्य व्यवस्था, पर्यावरण, आरोग्याचं अर्थकारण, समाज आणि वर्तन, आरोग्य संवर्धन असे विषय असतात. शेवटी इंटर्नशिप आणि डेझर्टेशन, म्हणजे स्वतःचा संशोधन प्रबंध. माझं स्पष्ट मत सांगते: वर्गातलं बरंचसं पुस्तकांतून आणि मोफत ऑनलाइन व्याख्यानांतून मिळतं. डेझर्टेशनच्या वेळी मार्गदर्शक तुमच्याबरोबर गावात येतो की नाही, यावर संस्था निवडा.

बेळगावात केएलई अभिमत विद्यापीठाच्या जेएनएमसीत हा अभ्यासक्रम आहे. मणिपालला प्रसन्न स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ आहे. मुंबईत टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र या सगळ्यांत जुनं, १९९७ पासून तिथे एमपीएच चालतं. शिवाय पीएचएफआयच्या (पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या) संस्था आहेत, त्यातली एक बेंगळुरूला. घरची परिस्थिती, फी आणि फील्ड या तिन्हींचा मेळ ज्याचा त्याने घालावा. विचारा, जमेल तसं उत्तर देते.

निपाणीची लेक

ताई, फार गरजेचा धागा. मी बीएएमएस आहे, इंटर्नशिप संपली. मला 'आरोग्य संवर्धन' हा विषय ओढतो. पण कॉलेजात सगळे म्हणतात की ते पोस्टर लावायचं आणि रॅली काढायचं काम, त्याला दोन वर्षं कशाला घालवायची. दुसरं जास्त अवघड आहे. माझी आई विड्या वळते. माझं शिक्षण त्यावरच झालं. मी उद्या तंबाखूविरोधी काम शिकून आले तर घरात काय तोंडाने बोलू?

मलप्रभाकाठ

तुझा दुसरा प्रश्न हाच आरोग्य संवर्धनाचा खरा पेपर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे जागतिक आरोग्य संघटनेची परिषद झाली. तिथे जी सनद निघाली ती या विषयाचा पाया. तिचं म्हणणं असं की माणसाला सवयी सुधारायला शिकवणं हा कामाचा एक भाग झाला. सरकारची सगळी धोरणं आरोग्याला पूरक हवीत, फक्त आरोग्य खात्याची नव्हे. राहायची-कामाची जागा निरोगी हवी. लोकांच्या संघटनेला बळ हवं. आणि दवाखान्यांनीही नुसत्या उपचाराच्या पलीकडे बघायला हवं. पोस्टर यातल्या एका कोपऱ्यात बसतं. बाकीचं सगळं पोस्टरच्या बाहेर आहे.

आता निपाणीत ये. तुला मी काय सांगणार, पण बाकीच्यांसाठी लिहिते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हात एवढे भरभर चालतात की बघणाऱ्याला पान कधी वळलं ते कळत नाही. खोलीला एक खिडकी, तीही वाऱ्याने तंबाखू उडू नये म्हणून अर्धी लोटलेली. शेजारी पाळण्यात नातवंड. मजुरी हजारावर. जमा करताना 'छाट' म्हणून जेवढ्या बाजूला काढतात, तेवढी मेहनत पाण्यात. अशा एका आजींना आमच्या टीममधली मुलगी तंबाखूच्या धुळीने फुप्फुसाला काय होतं ते समजावत होती. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय गं बाई, खोकला येतोय की. रातभर येतोय. पर मी आज वळलो न्हाई तर दुकानाची उधारी कोण फेडणार, ते बी तुझ्या कागदात लिवलंय काय?"

लिहिलेलं आहे. आपण ते त्यांच्यापर्यंत नेत नाही. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. त्याचं १७ वं कलम सांगतं की तंबाखूवर पोट असलेल्या शेतकऱ्यांना, कामगारांना परवडणारे दुसरे रोजगार मिळावेत म्हणून सरकारांनी मदत करावी. १८ वं कलम तंबाखूच्या शेतीत आणि कामात असलेल्यांच्या आरोग्याचं आणि पर्यावरणाचं रक्षण करायला सांगतं. शाळेजवळ तंबाखूविक्रीला बंदी, पाकिटावर चित्रांसह इशारा हे आपल्याला माहीत असतं. ही दोन कलमं निपाणीत किती जणांना ठाऊक आहेत? १९८१ साली याच गावाबाहेर हमरस्त्यावर तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बसले होते, गोळीबारात माणसं गेली. तंबाखू आपल्याकडे भाकरी आहे हे धरूनच बोलावं लागेल.

तेव्हा आईला सांग की मी तुझ्या कामाच्या विरोधात शिकायला चाललेली नाही. तुझ्या खोलीत हवा खेळावी, तुझ्या खोकल्याची नोंद व्हावी, क्षयाची तपासणी वेळेवर व्हावी, तुझ्या नावाचं विडी कामगाराचं ओळखपत्र असावं, आणि तुझ्या सुनेला दुसरं काम निवडता यावं, यासाठी चालले आहे. विडी कामगाराच्या घरातली मुलगी हा विषय शिकली तर ती जे प्रश्न विचारेल, ते बाहेरून आलेल्या कुणालाही सुचणार नाहीत.

सह्यकडा

धागा चांगला आहे, पण मुळावर बोला की. आपल्याकडे पीएचसीतले फलक कन्नडमध्ये, आशाताईंची वही कन्नडमध्ये, तायी कार्ड (गरोदर बाईचं नोंदींचं कार्ड) कन्नडमध्ये, औषध कसं घ्यायचं ती चिठ्ठीही कन्नडमध्ये. माझ्या आईला साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचता येत नाही, मला गावाहून फोटो पाठवते, मी पुण्यातून वाचून घेतो. तुम्ही एमपीएच करून काय संवर्धन करणार? आधी मराठीत कागद द्यायला लावा.

मलप्रभाकाठ

सह्यकडा, तुमच्या आईंसारख्या बायका मी रोज बघते. तुमचा मुद्दा शंभर टक्के आरोग्याचा आहे. औषधाची चिठ्ठी वाचता आली नाही तर गोळी चुकते, आणि साखरेची गोळी चुकली तर काय होतं हे वॉर्डात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आपल्या बाजूने दोन भक्कम आधार आहेत, ते सगळ्यांनी लक्षात ठेवावेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारने १९५६ मध्ये जे निवेदन काढलं, त्यात ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही छापाव्यात असं म्हटलं आहे. आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात भाग घेणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेतच माहिती देऊन संमती घ्यावी लागते. म्हणजे खानापुरात अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मराठी संमतिपत्र करावंच लागतं. अशा प्रत्येक अभ्यासाबरोबर चांगल्या मराठीतली आरोग्याची माहिती तयार होते. ती पीएचसीला दिली तर ती वापरतात, हा माझा अनुभव आहे. बऱ्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्वतःलाच अडचण होत असते, त्यांना आयतं चांगलं मराठी कुणी दिलेलं नसतं.

पण आपल्या मुलांना मी हेही ठामपणे सांगते: कन्नड शिका. नुसतं बोलता येऊन भागत नाही, वाचता-लिहिता आलं पाहिजे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची बैठक कन्नडमध्ये असते, नोंदवह्या कन्नडमध्ये असतात, आणि सौंदत्ती-रामदुर्गकडच्या गावात गेलात तर मराठीचा काही उपयोग नाही. तिथल्या आजारी माणसाचाही आपल्यावर तेवढाच हक्क आहे. मराठीची मागणी लावून धरणं आणि कन्नड उत्तम येणं यात मला कुठेही विरोध दिसत नाही. ज्याला दोन्ही येतं त्याचं म्हणणं बैठकीत ऐकून घेतलं जातं.

सह्यकडा

बैठकीत ऐकून घेतलं जातं हे खरं असेल. तरी आमच्या पिढीने काय सोसलंय ते नव्या मुलांनी विसरू नये एवढंच. संमतिपत्राचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो उपयोगाचा आहे. आणखी एक, महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या आपल्या ८६५ गावांना लागू केली. त्यावर कुणी अभ्यास केलाय का?

मलप्रभाकाठ

हा डेझर्टेशनचा अस्सल विषय आहे, कुणीतरी घ्याच. बारा तालुक्यांतली ८६५ गावं, एका राज्याचा कारभार, दुसऱ्या राज्याची योजना. कर्नाटकाने विरोध केला, राजकारण झालं, ते वर्तमानपत्रात आलं. पण सार्वजनिक आरोग्याचे प्रश्न वेगळे आहेत. कागद कोणता लागतो, तो मिळवायला किती हेलपाटे पडतात, लोक कोणत्या आजारासाठी कोल्हापूर-मिरज गाठतात आणि कोणत्या आजारासाठी बेळगावातच थांबतात, योजनेची माहिती बायकांपर्यंत पोचली का. धोरण कागदावर असणं आणि माणसाला मिळणं यातलं अंतर मोजायला शिकवतात, त्याला आरोग्य व्यवस्था संशोधन म्हणतात.

चंदगडी

मी सीमेच्या अलीकडच्या बाजूला, महाराष्ट्रात, आरोग्य सेविका आहे. आमच्याकडच्या मुली बेळगाव-खानापूरला दिलेल्या आणि तिकडच्या इकडे आलेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे सातव्या महिन्यात मुलगी तायी कार्ड घेऊन येते. सगळं कन्नडमध्ये. हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा कळतो, बाकी लोहाची इंजेक्शनं झाली का, धनुर्वाताचा दुसरा डोस झाला का, हे तिच्या तोंडून विचारून घ्यावं लागतं. तिला आठवत नसेल तर तिकडच्या सिस्टरला फोन लावायचा. नंबर असेल तर. बाळ दीड महिन्याचं झालं की परत सासरी, मग पेंटा लसीचा पहिला डोस इकडे आणि पुढचे तिकडे. दोन्हीकडच्या यादीत ते बाळ 'डोस चुकलेलं' म्हणून लागतं. मलप्रभाकाठ ताई, याच्यावर कुणी काम करणार असेल तर मी माहिती गोळा करायला मदत करते. रजा टाकून येईन.

मलप्रभाकाठ

चंदगडी ताई, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या प्रकल्पातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. एवढ्या ओळींत तुम्ही अख्खी संशोधन समस्या मांडलीत. माहेर-सासरची ये-जा आणि दोन राज्यांच्या नोंदी. याला मोठा निधी लागत नाही. दोन शेजारचे पीएचसी, एक इकडचं आणि एक तिकडचं, वर्षभरात सीमा ओलांडून झालेल्या बाळंतपणांची यादी, आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळवून बघणं. यातून जर सिस्टरांचा दोन्ही बाजूंचा एक फोनगट तयार झाला आणि कार्डावर मुख्य गोष्टी मराठीतही लिहायची पद्धत पडली, तर तेच आरोग्य संवर्धन.

आकडेमोड

पुण्यात बायोस्टॅट शिकवतो, मूळ गाव वडगाव. एमपीएचला येणारी अर्धी मुलं आकड्यांना घाबरून येतात, त्यांच्यासाठी लिहितो. या अभ्यासक्रमाला लागणारं गणित दहावीच्या पलीकडचं फारसं नाही. नमुना किती घ्यायचा, हा पहिला प्रश्न येतो. एखाद्या गोष्टीचं प्रमाण माहीत नसेल तर ५० टक्के धरा, ५ टक्के चूक चालेल म्हणा, ९५ टक्के विश्वासपातळी. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४. तुम्ही वाचाल त्या निम्म्या डेझर्टेशनांत हा ३८४ आहे. पण गावं निवडून गावातली घरं घेणार असाल तर एका गावची घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून तो आकडा वाढवावा लागतो. दुप्पट धरला तर ७६८. हे न करता ३८४ वर थांबलेले प्रबंध मी परत पाठवतो.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. आर मोफत आहे, एपी इन्फो मोफत आहे, मोबाइलवर माहिती भरायला कोबो टूलबॉक्स आहे. घरबसल्या सराव करायचा असेल तर २०१९ ते २१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा डेटा नोंदणी करून मोफत मिळतो. बेळगाव जिल्हा वेगळा काढून बघा. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांच्या ॲनिमियाची टक्केवारी स्वतः काढली की बायोस्टॅटची भीती जाते.

आणि एक कळकळीचं सांगणं. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली म्हणजे काम झालं असं समजू नका. हुबळी-धारवाडला नळाला चोवीस तास पाणी दिल्यावर काय फरक पडला याचा चांगला अभ्यास झाला आहे. सगळ्या लहान मुलांचे जुलाब कमी झाले असं त्यात दिसलं नाही. पण गरीब घरांतल्या मुलांना रक्ताचे जुलाब कमी झाले आणि टायफॉइडही कमी घरांत आढळला. एकच सरासरी काढून थांबले असते तर गरिबाला झालेला फायदा कुणाला दिसलाच नसता. बेळगावातही काही वॉर्डांना २००८ च्या सुमारास अशी चोवीस तास पाण्याची योजना मिळाली, बाकी शहर आजही कोणत्या दिवशी पाणी येणार ते विचारतं. विषय तुमच्या दारात आहेत.

खानापूरचे गुरुजी

निवृत्त शिक्षक आहे, वैद्यकीतलं फार कळत नाही. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आजच्या पोरांना मैदान म्हणून माहीत आहे. तिथे देवीची लस तयार व्हायची, ती बैलगाड्यांतून खेडोपाडी जायची, असं आमचे वडील सांगत. देवी गेली. आता आमच्या कणकुंबी-जांबोटीकडे माकडतापाची भीती. घाटाखाली सत्तरीत आणि सिंधुदुर्गात २०१६ च्या सुमारास बरेच जण दगावले. तेव्हा आमच्या शाळेत कुणीही येऊन काही सांगितलं नाही. अशा गोष्टीत एमपीएचवाला माणूस नेमकं काय करतो?

मलप्रभाकाठ

गुरुजी, नमस्कार. माकडताप १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू गोचिडीतून माणसात येतो. थंडी संपताना आणि उन्हाळ्यात, म्हणजे काजू, लाकूडफाटा, शिकेकाई यांसाठी लोक जंगलात जातात नेमक्या त्याच दिवसांत गोचिडीची पिल्लं वाढलेली असतात. माकडं मरायला लागली की धोक्याची घंटा समजायची.

एमपीएचवाला माणूस इथे तीन-चार खात्यांच्या मधे उभा असतो. मेलेल्या माकडाची खबर वनखात्याला पहिली मिळते. गुरं पशुवैद्यकीय खात्याची. ताप आलेला माणूस पीएचसीत. रक्ताचा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत. या चौघांनी एकमेकांना त्याच दिवशी कळवलं पाहिजे, ते घडवून आणायचं. गावात मग काय सांगायचं? "जंगलात जाऊ नका" असं काजूच्या हंगामात सांगणं म्हणजे उपाशी राहा असं सांगणं. अंग झाकून जा, गोचीड न लागणारं डेपा तेल लावा, ते पीएचसीत मागा, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे उकळा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. हे शाळेतल्या मुलांच्या तोंडून घरी पोचतं. गुरुजी, तुमच्या शाळेत त्या वेळी कुणी आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. आता काजूला मोहोर यायच्या आधी तुमच्या भागातल्या शाळांत मी स्वतः येते. कोणत्या शाळा आधी घ्यायच्या ते तुम्ही सांगा.

राकसकोप

माझी मुलगी बीडीएस आहे. बाप म्हणून सरळ विचारतो, नोकरी मिळते का? पगार पुरतो का?

मलप्रभाकाठ

काका, सरळच उत्तर देते. कामं आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवरचे सल्लागार आणि समन्वयक, क्षयरोग कार्यक्रम, साथरोग सर्वेक्षण, असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम, संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था. २००३ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटका हेल्थ प्रमोशन ट्रस्टचं आपल्या उत्तर कर्नाटकात एचआयव्हीवर मोठं काम झालं, तिथून अनेकजण घडले. पण यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. करार दरवर्षी नवा होतो, कधी उशिरा होतो, तेवढे दिवस घर ओढाताणीत जातं. हे तिला आधीच माहीत असू द्या.

सार्वजनिक आरोग्याची वेगळी केडर (स्वतंत्र अधिकारीवर्ग) हवी असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं आहे, २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शनही काढलं. तामिळनाडूत अशी स्वतंत्र व्यवस्था फार जुनी आहे, १९३९ चा त्यांचा सार्वजनिक आरोग्य कायदाही आहे, आणि साथीच्या वेळी त्याचा फरक दिसतो. आपल्याकडे ती कायमस्वरूपी पदं यावीत म्हणून मागणी करणारे लोकही आपल्यालाच व्हावं लागेल. परदेशाचा विचार असेल तर ब्रिटनमध्ये ही पदवी बहुधा एका वर्षाची असते, पण शिष्यवृत्ती नसेल तर मी कर्ज काढून जायचा सल्ला देत नाही. एकच वर्ष आणि तेही आपल्या गावांपासून दूर, यात फील्डवर्क हातून निसटतं.

दंतवैद्य असेल तर तिला सांगा, तोंडाचा कॅन्सर आणि गुटखा-तंबाखू हा आपल्या भागात तिच्याचसाठी वाट बघत असलेला विषय आहे. तोंड उघडत नाही म्हणून येणारी पंचविशीतली पोरं तिने इंटर्नशिपमध्ये पाहिलीच असतील. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी, कर्नाटकात २०१३ पासून, तरी ही पोरं येतात. ती का येतात हे खुर्चीत बसलेल्या पेशंटला विचारून कळणार नाही, त्यासाठी पानपट्टीपर्यंत जावं लागतं.

निपाणीची लेक

ताई, मी ठरवलं. आईशी बोलले. ती म्हणाली, "शिक, पर हितंच ये." या वर्षी अर्ज भरते. चंदगडी ताईंचा विषय मला डेझर्टेशनला घेता येईल का? का विड्यांचाच घेऊ? आणि दोन राज्यं आली म्हणजे परवानग्या फार लागतील ना?

मलप्रभाकाठ

अभिनंदन! दोन्ही विषय चांगले आहेत, पण तू विड्यांचा घे. तुला ज्या घरांत दार उघडेल तिथे दुसऱ्याला ओसरीवर बसवतील. चंदगडी ताईंच्या विषयाला नर्सिंगमधली कुणी मिळाली तर जास्त बरं, नोंदी तिला लवकर कळतील.

दोन राज्यांच्या परवानग्या लागतातच, दोन्हीकडच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आणि तुझ्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता. तुझा विषय एकाच तालुक्यातला असल्याने तुझं काम सोपं होईल. कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षाची वाट न बघता पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच मसुदा तयार ठेव. प्रश्नावली आधी मराठीत लिही आणि मग तिची इंग्रजी कर, बहुतेक जण उलटं करतात आणि मग गावात प्रश्न कुणाला कळत नाही. निपाणीत कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्याही विडी कामगार आहेत, त्यांना वगळू नकोस. खोकला, धाप, पाठ, डोळे, गरोदरपण यांवरचे प्रश्न ठेव, पण मजुरी, छाट आणि ओळखपत्र यांवरचेही ठेव. कमिटीत कुणी विचारेल की आरोग्याच्या अभ्यासात मजुरी कशाला, तर ओटावा सनद समोर ठेव.

पहिला मसुदा झाला की मला पाठव. कन्नड मी तपासून देते, नमुन्याचा आकडा 'आकडेमोड' यांना विचार. उर्दूसाठी निपाणीतलं कुणी धाग्यावर असेल तर कृपया इथेच हात वर करा.